भीड भिकेची बहीण

मराठी भाषेत एक जुनी म्हण आहे : भीड भिकेची बहीण. ही म्हण बहुधा उसनवारीच्या आणि जामीनकीच्या प्रसंगी उच्चारली जाते. परंतु तिचा खरा प्रत्यय घ्यावयाचा असेल, तर बाजारात जावे. बेळगावचा खडेबाजार असो, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार असो, इंदूरचा सराफा असो, की हैदराबादचा बेगमबाजार असो. चांगली शिकलेली, हिशेबात पक्की असलेली माणसेही दुकानाच्या पायरीवर चढली की एकाएकी संकोचतात. काटा शून्यावर आहे काय, हे विचारावयाचे त्यांच्या जिभेवर येते आणि तेथेच विरते. पावती मागितली तर दुकानदाराला अविश्वास वाटेल, अशी त्यांना धास्ती असते. करारपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचावयाला पाच मिनिटे मागणे म्हणजे समोरच्या माणसाचा अपमान करणे, अशी त्यांची समजूत असते. ग्राहक फसतो तो अज्ञानामुळे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते पूर्णांशाने खरे नाही. पुष्कळदा त्याला ठाऊक असते, पण तो बोलत नाही.

खोट्या वजनाचे दुखणे काही आजचे नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजने आणि मापे यांवर देखरेख ठेवणाऱ्या पौतवाध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याची योजना आहे. दर चार महिन्यांनी वजनांची तपासणी व्हावी, असा दंडकही तेथे सांगितला आहे. म्हणजे व्यापार जितका जुना, तितकीच त्यातली लबाडी जुनी आणि तिच्यावरचा पहाराही तितकाच जुना. मात्र लबाडीला सर्वांत चांगले दिवस येतात, ते समाज एक मोजमाप सोडून दुसरे धरू लागतो तेव्हा. आपल्या देशात असा काळ १९५७ नंतर आला. त्या वर्षीच्या १ एप्रिलला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे बरोबर सव्वासहा नवे पैसे होत. सरकारी कोष्टकात ते सहा धरले होते. पण आण्याच्या जिनसेला सात मागणाऱ्याला अडवावयाचे, तर कोष्टक पाठ असावे लागे. पुढे १९५६ च्या कायद्यानुसार १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने आली. शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. किलोग्रॅम त्याहून थोडा मोठा. शेराला रुपया पडणाऱ्या जिनसेचा किलोला न्याय्य भाव एक रुपया सात पैसे. त्याहून अधिक जे घेतले गेले, ते बदलाच्या नावाखाली घेतले गेले.

त्या बदलाची एक खूण अद्याप सराफाच्या पेढीवर शिल्लक आहे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आज व्यवहारात तोळा म्हणजे दहा ग्रॅम. आजीने नातीसाठी जपून ठेवलेले पाच तोळ्यांचे दागिने मोडीला नेताना घरातल्या चिठ्ठीवरचा तोळा कोणता, हे ठाऊक नसेल, तर सुमारे आठ ग्रॅमचा फरक केवळ एका शब्दात बुडून जातो. म्हणून पहिला नियम असा की, सोन्याचा व्यवहार तोळ्यात बोलावा, पण ग्रॅममध्ये लिहून घ्यावा.

आता रोजच्या बाजाराकडे वळू. २००९ च्या वैध मापन कायद्याप्रमाणे व्यापारात वापरावयाचे प्रत्येक वजन, माप आणि काटा शासकीय निरीक्षकाकडून पडताळून त्यावर मुद्रा उमटवून घ्यावी लागते. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी आणि साध्या तराजूची व वजनांची दर दोन वर्षांनी करावी, असा नियम आहे. त्या पडताळणीचे प्रमाणपत्र दुकानात सहज दिसेल असे लावणे दुकानदारावर बंधनकारक आहे. ते भिंतीवर नसेल तर विचारावयाला हरकत नाही. काट्यावर माल ठेवण्यापूर्वी आकडा शून्य आहे, हे पाहावे आणि काटा असा ठेवावयाला सांगावे की आकडा ग्राहकाकडे येईल. ‘‘भाऊ, काटा जरा इकडे फिरवा,’’ एवढे चार शब्द पुरतात. मिठाईच्या दुकानात खोक्यासकट पेढे तोलण्याची रीत अनेकांनी मुकाट्याने पत्करली आहे. वास्तविक पुठ्ठ्याचे वजन वगळून निव्वळ मिठाईचे वजन देणे हाच कायदा आहे. अर्धा किलोत पन्नास ग्रॅमचा खोका धरला, तर दर दहा रुपयांतला एक रुपया पुठ्ठ्याचा होतो. आणि पेढ्याच्या भावाने पुठ्ठा विकत घेण्याची हौस कोणालाही नसते.

पेट्रोलपंपावर तर ग्राहकाच्या हाती चांगली साधने दिलेली आहेत, पण ती तो क्वचितच वापरतो. प्रत्येक पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते. शंका आली तर त्या मापात पाच लिटर इंधन काढून दाखवा, असे म्हणण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. पाच लिटरमागे पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक क्षम्य धरला जातो. त्याहून अधिक कमी भरले, तर तक्रार करावी. घरगुती गॅसच्या सिलिंडरची गोष्टही अशीच. पूर्ण भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू असतो आणि रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच कोरलेले असते. या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे काट्यावर दिसावयाचे वजन. सिलिंडर घरपोच देणाऱ्या माणसाने तोलून दाखवावे, अशी अपेक्षा आहे. बेरीज तिसरीतल्या मुलालाही येते. घरातल्या मुलाकडूनच ती करवून घ्यावी. म्हणजे त्याचे गणितही होते आणि गॅसही मोजला जातो.

बांधीव मालाच्या वेष्टनावर जे छापलेले असते, ते शोभेसाठी नसते. उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, तक्रारीसाठीचा पत्ता किंवा दूरध्वनी आणि सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत, हे सारे तेथे असणे सक्तीचे आहे. यातील ‘कमाल’ हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. ती किंमत कमाल आहे, ठरलेली नव्हे. तिच्याहून एक पैसाही अधिक घेता येत नाही. कमी मात्र खुशाल घेता येते. ‘थंड करण्याचे’ म्हणून बाटलीमागे दोन रुपये जास्त मागणारा दुकानदार बेकायदा मागणी करीत असतो. उलट, छापील किमतीहून दहा टक्के कमी म्हणून ज्याची जाहिरात होते, तो माल शेजारच्या दुकानात पूर्वीपासून वीस टक्के कमी भावाने मिळत असण्याचा संभव असतो. सवलत किती, हे विचारण्यापेक्षा हातात किती पैसे द्यावयाचे, हे विचारणे शहाणपणाचे.

किंमत तीच ठेवून वजन घटविणे ही तर आजच्या काळातली सर्वांत शांत भाववाढ होय. समजा, एखादा बिस्किटांचा पुडा दहा रुपयांना शंभर ग्रॅम मिळत होता आणि आता त्याच दहा रुपयांत पंच्याऐंशी ग्रॅम मिळतो. पुडा तोच, रंग तोच, चित्र तेच. पण भाव शेकडा साडेसतराहून अधिक वाढलेला असतो. पूर्वी काही ठरावीक जिनसांच्या पुड्यांची वजने नियमांनी बांधून दिलेली होती. ते बंधन २०२२ मध्ये उठले आणि त्याऐवजी दर ग्रॅमला, किलोला किंवा लिटरला काय किंमत पडते, ते वेष्टनावर छापण्याची सक्ती आली. हा लहान अक्षरांतला आकडा गृहिणीचा खरा मित्र आहे. मोठा पुडा नेहमी स्वस्त पडतो, ही समजूत त्याच्यापुढे कित्येकदा टिकत नाही. दोनशे ग्रॅम नव्वद रुपयांना आणि पाचशे ग्रॅम दोनशे चाळीस रुपयांना, असे दोन पुडे शेजारी ठेवले, तर लहान पुड्यात ग्रॅमला पंचेचाळीस पैसे पडतात आणि मोठ्यात अठ्ठेचाळीस.

तथापि पुड्यांत आणि बाटल्यांत जे जाते ते रुपया-दोन रुपयांनी जाते. संसाराला खिंडार पडते ते सोन्यात, कर्जात आणि ठेवीत. मुलीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षे साठविलेली रक्कम एका दुपारी सराफाच्या गादीवर ओतली जाते, आणि त्या दुपारी घरातली सर्व माणसे आनंदात असतात. हिशेबाचा विषय काढणे कोणाला शोभत नाही.

सोन्याच्या बाबतीत कायदा बराच पुढे आलेला आहे. भारतीय मानक ब्यूरोची हॉलमार्क योजना २००० साली सुरू झाली. १६ जून २०२१ पासून ती देशातल्या २५६ जिल्ह्यांत सक्तीची झाली आणि पुढे तिचा विस्तार होत गेला. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरे व अंक मिळून होणाऱ्या ओळखक्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकण्यास मनाई आहे. दोन ग्रॅमहून कमी वजनाच्या जिनसांना सूट आहे. दागिन्यावर तीन खुणा शोधाव्यात : ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि तो सहा अक्षरांचा क्रमांक. बावीस कॅरटसाठी ९१६, अठरा कॅरटसाठी ७५० आणि चौदा कॅरटसाठी ५८५ हे आकडे असतात. म्हणजे हजार भागांत तितके भाग निखळ सोने. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या अॅपमध्ये तो क्रमांक घातला की दागिना कोणत्या प्रकारचा, किती शुद्धतेचा आणि कोणत्या नोंदणीकृत सराफाचा, हे तेथल्या तेथे कळते. सांगितलेल्या शुद्धतेहून सोने हलके निघाले, तर त्या तुटीच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याचा हक्क २०१८ च्या नियमांनी दिलेला आहे.

परंतु शुद्धता निश्चित झाली म्हणजे किंमत निश्चित झाली, असे नव्हे. हिशेबासाठी असे धरू की, चोवीस कॅरट सोने ग्रॅमला बारा हजार रुपये आहे. मग बावीस कॅरटचा भाव अकरा हजार होतो. वीस ग्रॅमचा एक हार आहे आणि त्यात दीड ग्रॅमचे खडे आहेत. खड्यांचे वजन वगळले नाही, तर साडेसोळा हजार रुपये काचेसाठी दिले जातात. भिंतीवरच्या फलकावर चोवीस कॅरटचा भाव पाहून तोच बावीस कॅरटच्या दागिन्याला लावला, तर साडेअठरा ग्रॅममागे साडेअठरा हजार रुपये अधिक जातात. घडणावळ शेकडा बारा आणि शेकडा अठरा यांत ऐकताना फारसे अंतर वाटत नाही. या हारावर ते अंतर बारा हजार दोनशे दहा रुपयांचे आहे. म्हणून पावतीवर निव्वळ सोन्याचे वजन, खड्यांचे वजन व किंमत, शुद्धता, त्या दिवसाचा भाव, घडणावळ, हॉलमार्कचा आकार आणि कर, ही सर्व कलमे निरनिराळी लिहून घ्यावीत. ‘‘घरचेच दुकान आहे, पावती कशाला, कर वाचेल,’’ असे जो सांगतो, तो ग्राहकाचा कर वाचवीत नसून स्वतःची जबाबदारी वाचवीत असतो. पावतीवाचून विकलेल्या दागिन्याबद्दल उद्या तक्रार कोठे करणार?

कर्जाचे गणित सोन्याहून अवघड नाही. मात्र ते मुद्दाम अवघड करून सांगितले जाते. एका गृहस्थाने घरच्या वस्तूसाठी बारा हजार रुपये वर्षाच्या मुदतीने घेतले, असे समजू. व्याज ‘सरसकट दहा टक्के’ सांगण्यात आले. बाराशे रुपये व्याज मिळवून तेरा हजार दोनशे झाले आणि महिन्याचा हप्ता अकराशे ठरला. हे दहा टक्के खरे दहा टक्के नव्हेत. पहिल्या महिन्यात त्याच्याकडे बारा हजारांचे मुद्दल होते, पण शेवटच्या महिन्यात ते हजार-अकराशेवर आलेले असते. तरीही व्याज मात्र वर्षभर पूर्ण बारा हजारांवर घेतले गेले. घटत्या मुद्दलावर हिशेब केला, तर हा दर सुमारे अठरा टक्के निघतो. त्यात नोंदणीचा आकार आणि विम्याचा हप्ता मिसळला की तो आणखी चढतो. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी कर्जदाराला मुख्य तथ्यांचे एक पत्रक द्यावे लागते आणि त्यात सर्व आकार धरून पडणारा वार्षिक दर लिहावा लागतो. कर्ज घेणाऱ्याने सर्वप्रथम ते पत्रक मागावे. ‘बिनव्याजी हप्ते’ अशी पाटी दिसली, तर तीच वस्तू रोखीने केवढ्याला मिळेल, एवढेच विचारावे. दोन किमतींतला फरक हेच त्या बिनव्याजी योजनेचे व्याज होय.

याच्या अगदी उलट बाजूला दामदुपटीचे आमिष असते. शेकडा सात दराने ठेवलेली रक्कम दुप्पट व्हावयाला सुमारे दहा वर्षे लागतात. बहात्तरला व्याजाच्या दराने भागावे, म्हणजे दुपटीची वर्षे निघतात, हा हिशेबनिसांचा जुना ठोकताळा आहे. मग वर्षात दुप्पट करून देतो म्हणणारा माणूस असा कोणता धंदा करीत असेल, की ज्यात शंभर टक्के नफा होतो आणि तरीही त्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पैसे हवे असतात? अमेरिकेत बोस्टन शहरी १९२० साली चार्ल्स पाँझी नावाच्या इसमाने पंचेचाळीस दिवसांत शेकडा पन्नास नफा देऊ केला. पोस्टाच्या आंतरराष्ट्रीय कूपनांचा व्यापार आपण करतो, असे तो सांगे. वस्तुतः नव्यांच्या पैशांतून तो जुन्यांना देत होता आणि नवे येणे थांबताच ऑगस्ट महिन्यात सारा डोलारा कोसळला. शंभर वर्षांत या युक्तीची नावे बदलली, भिशी झाली, वृक्षलागवड झाली, आभासी चलन झाले. पण आतले यंत्र तेच राहिले. पहिले दोन-तीन हप्ते वेळेवर मिळणे हा प्रामाणिकपणाचा पुरावा नव्हे. ते तर त्या यंत्रातले वंगण आहे. अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. ठेव गोळा करणारी संस्था कोणाकडे नोंदलेली आहे, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर पाहता येते. आणि येथेच भिडेचा पुनः संबंध येतो. कारण अशी योजना अनोळखी मनुष्य फारसा आणीत नाही. ती मामेभाऊ आणतो, कचेरीतला सहकारी आणतो, प्रार्थनामंडळातला किंवा भजनीमंडळातला स्नेही आणतो. त्याला नाही म्हणणे जड जाते. परंतु नात्यासाठी दिलेले पैसे बुडाले की पैशांबरोबर नातेही बुडते, हे लक्षात ठेवावे.

आता चोर घरात येण्यासाठी दार वाजवीत नाही. तो दूरध्वनी करतो. या नव्या लबाडीचे प्रकार पुष्कळ आहेत, पण तिची चाल एकच आहे. प्रथम भय किंवा लोभ दाखवावयाचा, मग घाई करावयाची, आणि मग एकांत साधावयाचा. ‘‘आज रात्री वीज तोडली जाईल’’, ‘‘आपल्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत’’, ‘‘आपले खाते बंद होत आहे’’, अशी वाक्ये त्यासाठी रचलेली असतात. पोलिसी गणवेश घालून चित्रफोनवर दिसणारा भामटा वृद्ध पतिपत्नींना ‘डिजिटल अटक’ झाली आहे, असे बजावतो. खोलीबाहेर पडू नका, कोणाशी बोलू नका, म्हणतो, आणि चौकशीपुरती रक्कम अमुक खात्यात ठेवा, असे सांगतो. भारतीय कायद्यात अशा प्रकारची अटकच नाही. कोणतेही पोलीस, न्यायालय वा सरकारी खाते दूरध्वनीवरून अटक करीत नाही आणि सुटकेसाठी पैसे भरावयाला लावीत नाही. हा प्रकार इतका वाढला की २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या ‘मन की बात’ कार्यक्रमात त्याविषयी देशाला सावध केले.

या संदर्भात दोन-तीन गोष्टी घरातल्या सर्वांनी पाठ कराव्यात. मोबाइलवरून पैसे मिळविण्यासाठी पिन कधीच घालावा लागत नाही. पिन घातला म्हणजे पैसे गेलेच. चौकोनी क्यूआर चिन्ह टिपले जाते ते पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी नव्हे. बँकेचा खरा नोकर ओटीपी विचारीत नाही. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कोणतेही अॅप उतरवून घेऊ नये. त्यातून आपला पडदा त्याला दिसू लागतो. बँकेला किंवा वीज मंडळीला बोलावयाचे असेल, तर समोरून आलेला फोन ठेवून पासबुकावर किंवा बिलावर छापलेल्या क्रमांकावर स्वतः करावा. आणि या सर्वांहून मोठी खूण अशी : घरात कोणाला सांगू नका, असे ज्या व्यवहारात बजावले जाते, तो व्यवहार खोटा समजावा. खऱ्या सौद्याला चार माणसांची विचारपूस सोसते.

हे सर्व ठाऊक असूनही एखाद्याचे पैसे जातात, तेव्हा काय करावे? येथे सर्वांत नाजूक भाग येतो. निवृत्तीची पुंजी गेलेला मनुष्य कित्येक दिवस गप्प राहतो. आयुष्यभर दुसऱ्यांना शहाणपण शिकविले आणि आता मुले काय म्हणतील, सून काय म्हणेल, या लज्जेने तो पोलिसांत जात नाही, बँकेत जात नाही, जेवणातले लक्ष उडते तरी बोलत नाही. भामट्याला पाहिजे असते ते हेच. वास्तविक अशा वेळी प्रत्येक तास मोलाचा असतो. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळविले, तर पैसे पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी ते गोठविता येण्याचा संभव असतो. बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवावे. ग्राहकाचा वा बँकेचा दोष नसताना तिसऱ्याच कोणाच्या लबाडीने खात्यातून रक्कम गेली आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळविले, तर तोशीस ग्राहकावर पडू नये, असा दंडक रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घातला. पिन आपणच सांगितला असेल, तरी कळविल्यानंतर होणारे पुढचे नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही. तेव्हा उशीर कोणत्याही परिस्थितीत तोट्याचाच. घरच्या तरुणांनीही येथे एक पथ्य पाळले पाहिजे. आईवडील अशी गोष्ट सांगावयाला आले, तर पहिला शब्द ‘‘तुम्हांला कळत कसे नाही?’’ असा नसावा. ‘‘बरे झाले, बाबा, लगेच सांगितलेत,’’ असा असावा. पहिल्या शब्दाने माणूस पुढच्या वेळी लपवितो. दुसऱ्याने तो वाचतो.

दुकानदाराच्या वा कंपनीच्या विरुद्ध दाद मागण्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा आहे. तो प्रथम १९८६ साली झाला. त्या वर्षी २४ डिसेंबरला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन मानला जातो. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याने ग्राहकाच्या कित्येक अडचणी दूर केल्या. पूर्वी कंपनी जेथे असेल तेथे धावावे लागे. आता ग्राहक जेथे राहतो वा नोकरी करतो, तेथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असेल तर राष्ट्रीय आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. वकील लावणे सक्तीचे नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार केली पाहिजे. पावती न देणे ही त्या कायद्याने अनुचित प्रथा ठरविली आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाच्या बाबतीत निरर्थक आहे. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल, तर तीस दिवसांच्या आत असा माल परत घेण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच.

अर्थात आयोगाची पायरी ही शेवटची. निकालासाठी कायद्यात महिन्यांची मुदत सांगितलेली असली, तरी प्रत्यक्षात प्रकरणे लांबतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रथम दुकानदारास तोंडी, मग तारीख घालून लेखी कळवावे आणि पत्राची प्रत ठेवावी. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर नोंद करावी. अनेक तक्रारी तेथेच मिटतात. पत्र लिहिताना राग लिहू नये. वस्तू, तारीख, रक्कम, दोष आणि मागणी, एवढेच लिहावे. रागाने भरलेल्या चार पानांपेक्षा पावतीची एक प्रत अधिक बोलते.

एकट्याची भीड मोडत नसेल, तर ती चौघांनी मिळून मोडावी. मराठी माणसाने या कामी मोठा वाटा उचललेला आहे. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. पुढील वर्षी मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली आणि तिने कुटुंबांचे गट करून एकत्र खरेदीची रीत रुजविली. अहमदाबादेत १९७८ साली ग्राहक शिक्षण व संशोधनाचे केंद्र निघाले. दहा घरांनी मिळून वर्षाचे धान्य घाऊक घेतले, तर भावही उतरतो आणि प्रतही पारखून घेता येते. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर येथे महाराष्ट्र मंडळे आहेत, वाचनालये आहेत, गणेशोत्सव आहेत. वर्षातून एक संध्याकाळ तेथे या विषयासाठी राखून ठेवणे काही कठीण नाही.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. सावध ग्राहक म्हणजे हलक्या मनाचा ग्राहक नव्हे. पहाटे उठून दहा मैलांवरून भाजी आणणाऱ्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करावयाची आणि दोन लाखांच्या कर्जाचे कागद न वाचता सही करावयाची, ही काटकसर नव्हे. जेथे रक्कम मोठी आणि समोरचा पक्ष बलवान, तेथे काटेकोर असावे. जेथे समोर हातावर पोट असलेला माणूस आहे, तेथे वजन बरोबर पाहावे आणि भाव उदारपणे द्यावा. प्रामाणिक दुकानदारालाही सावध ग्राहकाचा कंटाळा येत नाही. खोटे वजन वापरणारा शेजारी त्याचेही गिऱ्हाईक पळवीत असतो; ग्राहक काटा पाहू लागले, तर लाभ त्याचाच होतो.

सुरुवात लहान गोष्टीने करता येईल. या आठवड्यात घरात आलेली प्रत्येक पावती एका खिळ्याला अडकवून ठेवावी. रविवारी सकाळी मुलांना जवळ बसवून त्या मोठ्याने वाचावयाला सांगाव्यात. कोणत्या जिनसेचा दर ग्रॅमला काय पडला, बेरीज बरोबर आहे काय, छापील किमतीहून कोठे अधिक गेले काय, हे त्यांनाच काढू द्यावे. आणि पुढच्या वेळी वाण्याकडे त्यांनाच पाठवावे, जाताना एवढेच सांगून, की काटा शून्यावर आहे का, हे काकांना आदराने विचार, पण विचारल्याशिवाय येऊ नकोस.